चार अंश वजा करायचे की नाही? घरच्या हवामान केंद्राचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

घरी हवामान केंद्र बांधणाऱ्या पुष्कळांचे घोडे एकाच जागी अडते. ती जागा या प्रकरणात फार स्वच्छ दिसते, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे. माणसे दोन: यंत्रांच्या देखभालीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक काका आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी त्यांची पुतणी. नावे आणि ठिकाण वगळले आहे. बाकीचे त्या दोघांनी ठेवलेल्या वहीतून आणि साठवलेल्या नोंदींतून घेतले आहे.

सुरुवातीचे केंद्र साधे होते. ईएसपी३२ चा, म्हणजे वायफाय असलेल्या छोट्या संगणक-चिपचा, तयार बोर्ड. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब या तिन्हींसाठी एकच बीएमई२८० सेन्सर. आणि झुकत्या पात्राचा पर्जन्यमापक. या पर्जन्यमापकात नरसाळ्यातून आलेले पाणी छोट्या दुहेरी पात्रात साठते. ठरावीक पाणी साठले की पात्र उलटते, त्यावरचा लोहचुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की मिटणारा स्विच) जातो आणि एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक इशारा, मिळतो. बोर्ड आणि सेन्सर एकाच पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात होते, डब्याच्या तळाला भोके पाडली होती आणि डबा गच्चीच्या कठड्यावर बसवला होता. वायफाय तिथे चांगले मिळत होते, वीजही हाताशी होती. नोंदी एमक्यूटीटीने, म्हणजे छोटे संदेश पाठवण्याच्या एका पद्धतीने, घरातल्या संगणकावर जात आणि आलेख आपोआप निघत.

वारा मोजायचा नाही हे दोघांनी आधीच ठरवले होते, आणि मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. वाऱ्याच्या मापनाची आंतरराष्ट्रीय रीत उघड्यावर १० मीटर उंचीची आहे. गच्चीच्या कडेला वारा भिंतीवर आपटून वर उसळतो, भोवरे करतो. तिथे मिळणारा आकडा वाऱ्याचा कमी आणि इमारतीचा जास्त असतो.

अडचण

पहिल्या काही आठवड्यांतच दुपारचे तापमान संशयास्पद दिसू लागले. जवळच्या वेधशाळेचा आकडा ३३ अंश असताना यांचे केंद्र ३७.५ दाखवत होते. पहाटे फरक कमी व्हायचा, पण पूर्ण जायचा नाही. अंशभर तरी उरायचाच. आर्द्रतेचे उलटे: वेधशाळेत ४५ टक्के, इथे ३५. दाब कायम १० हेक्टोपास्कलने कमी. केंद्रातले तीनही आकडे चुकीचे दिसल्यावर पहिला संशय सेन्सरवर जाणे स्वाभाविक होते.

दाबाचे कोडे लगेच सुटले. वेधशाळा जाहीर करते तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, सेन्सर मात्र असेल त्या जागेचा दाब मोजतो. कमी उंचीवर साधारण दर ८.३ मीटर चढाला १ हेक्टोपास्कल कमी होतो. घराची उंची समुद्रसपाटीपासून ८० ते ८५ मीटर असल्याचे नकाशावरून कळले आणि हिशेब जुळला. ही चूक नव्हतीच.

तापमानाचे कोडे मात्र तसे सुटणारे नव्हते. वहीत त्या दिवशीचे संभाषण जवळजवळ जसेच्या तसे आहे.

"काका, कोडमध्ये चार अंश वजा करून टाकते. एका ओळीचं काम आहे."

"कर. पण कुठल्या वेळचे चार? पहाटे तर एकच जास्त दिसतोय."

पुढचे सगळे प्रकरण या प्रश्नाभोवती फिरते.

समोरचे पर्याय

पर्याय चार होते. पहिला, कोडमध्ये ठरावीक आकडा वजा करणे. दुसरा, बीएमई२८० काढून एसएचटी३१ सारखा तापमानाला अधिक अचूक सेन्सर लावणे. तिसरा, सेन्सरला नीट सावली देणारा आणि हवा खेळती ठेवणारा कवच करणे. चौथा, केंद्राची जागाच बदलणे.

पुतणीचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता. कागदावर तो पटण्यासारखाच होता: बीएमई२८० ची तापमानातली चूक नेहमीच्या पल्ल्यात एक अंशापर्यंत असू शकते, एसएचटी३१ ची ०.२ च्या आसपास. पण एक अंशापर्यंत चुकू शकणारा सेन्सर साडेचार अंश चुकत असेल, तर चुकीचा मोठा भाग सेन्सरच्या बाहेर आहे, हेही त्याच कागदावरून निघते. काकांचे म्हणणे, आधी निदान, मग सुटे भाग. यंत्रांच्या दुरुस्तीत ज्याचे हात काळे झाले आहेत तोच माणूस इतक्या ठामपणे हे म्हणू शकतो.

पहिला निर्णय: आधी निदान

त्यांनी तीन तपासण्या केल्या. तिन्ही घरी कुणालाही करता येतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पहिली तपासणी कागदावरची. वेधशाळेच्या आणि स्वतःच्या, दोन्ही आकड्यांवरून पुतणीने दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत थंड झाल्यावर हवेतून दव पडू लागते तो आकडा, काढला. ३३ अंश आणि ४५ टक्क्यांवरून दवबिंदू येतो सुमारे १९.५ अंश. ३७.५ अंश आणि ३५ टक्क्यांवरूनही येतो सुमारे १९.५ अंशच. हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा. सापेक्ष आर्द्रता तापमानावर अवलंबून असते. हवेतली वाफ तितकीच राहिली आणि हवा तापली तर टक्केवारी खाली येते, दवबिंदू मात्र हलत नाही. म्हणजे सेन्सर वाफ बरोबर ओळखत होता, स्वतःचे तापमानही बहुधा बरोबरच सांगत होता. फक्त तो ज्या हवेत बसला होता ती हवा बाहेरची उरली नव्हती. आर्द्रतेची वेगळी तक्रार त्या एका हिशेबात निकालात निघाली.

दुसरी तपासणी बर्फाची. बीएमई२८० पाण्यात बुडवता येत नाही. म्हणून स्टीलच्या नळीत बंद असलेला डीएस१८बी२० सेन्सर घेतला. बर्फाचा बारीक चुरा, त्यात चुऱ्यातल्या फटी भरतील इतकेच पाणी, आणि हे मिश्रण सतत ढवळत ठेवायचे. नळी भांड्याच्या तळाला किंवा बाजूला टेकू द्यायची नाही. पाणी जास्त झाले की बर्फ वर तरंगतो आणि तळाचे पाणी शून्याच्या वर राहते, म्हणून ढवळणे महत्त्वाचे. काही मिनिटांनी आकडा ०.३ वर स्थिरावला. तेवढा फरक लिहून ठेवून हा सेन्सर यापुढे घरचे प्रमाण मानायचे ठरले. एकाच तापमानाला तपासलेला सेन्सर सगळ्या पल्ल्यात तितकाच बरोबर असेल असे नाही, हे त्यांनी वहीत नोंदवले आहे. पण चार अंशांचा शोध चालला असताना पाव अंशाची चिंता नको, हेही योग्यच.

मग दुपारी तो सेन्सर झाडाच्या सावलीत टांगला आणि त्यावर बॅटरीवरचा छोटा पंखा सोडला. सावली आणि वाहती हवा एकत्र मिळाली की सेन्सर हवेच्या तापमानाजवळ येतो. आकडा वेधशाळेच्या अर्ध्या अंशात आला. वेधशाळा काही किलोमीटर दूर होती. तिथली आणि अंगणातली हवा वेगळी असू शकते, म्हणून केवळ तिच्याशी तुलना करून निर्णय घेणे बरोबर झाले नसते. आता प्रमाण दारात होते.

तिसरी तपासणी रात्रीची. उन्हाचा संबंध नसताना अंश-सव्वा अंश कुठून येतो? ईएसपी३२ चे वायफाय सतत चालू होते, म्हणजे बंद डब्यात सुमारे अर्ध्या वॅटची शेगडी. एका रात्री बाकी काहीही न बदलता बोर्ड दर पाच मिनिटांनी जागा होऊन पुन्हा डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळजवळ वीज न खाणाऱ्या गाढ झोपेत, जाईल एवढेच केले. त्या रात्री फरक ०.३ च्या खाली आला. याच बदलात एक छोटी गोष्ट लक्षात आली: बीएमई२८० च्या पुष्कळ तयार उदाहरण-कोडांमध्ये सेन्सर अखंड मोजत राहतो आणि स्वतःही किंचित तापतो. हवामानाच्या नोंदींसाठी फोर्स्ड मोड योग्य. सांगितले की एकदा मोजायचे आणि झोपायचे.

आता चित्र स्पष्ट झाले. एकाच आकड्यात दोन वेगळ्या चुका मिसळल्या होत्या: बोर्डच्या उष्णतेची, जी रात्रंदिवस होती, आणि उन्हाची, जी ऊन, ढग आणि वारा यांप्रमाणे क्षणाक्षणाला बदलत होती. चार अंश वजा केले असते तर लख्ख दुपारी आकडे जुळले असते आणि ढगाळ दिवशी केंद्राने तीन अंश कमी दाखवले असते. त्याहून वाईट म्हणजे आलेख पाहून कुणालाच काही खटकले नसते.

दुसरा निर्णय: कवच आणि जागा

सेन्सर आणि बोर्ड वेगळे करायचे ठरले. इथे एक अडथळा आला. तीन मीटर केबल टाकून सेन्सर दूर नेला तेव्हा मधूनमधून आकडे येईनासे झाले. सेन्सर बोर्डशी ज्या आयटूसी पद्धतीने बोलतो, ती मुळात एकाच बोर्डावरच्या भागांसाठीची आहे. तार लांबून तिची धारकता (विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता) वाढली की सिग्नल वेळेत वर चढत नाही. वेग कमी करणे, सिग्नल वर खेचणारे पुल-अप रेझिस्टर बदलणे, लांब तारांसाठीची आरएस-४८५ पद्धत वापरणे असे मार्ग होते. त्यांनी सोपा मार्ग निवडला: बोर्ड जवळ आणला, पण वेगळ्या डब्यात, खांबाच्या मागे सावलीत, कवचापासून साधारण दोन वीत अंतरावर. पिळलेल्या जोड्यांची केबल वापरताना डेटा आणि क्लॉक या दोन तारा एका जोडीत ठेवल्या नाहीत. एकीला ग्राउंडची जोड, दुसरीला पुरवठ्याची. मग आकडे गळणे थांबले.

कवचासाठी स्टीव्हन्सन स्क्रीनचे तत्त्व घेतले. एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृह-अभियंत्याने आखलेली ती पांढरी, झडपांची लाकडी पेटी आजही वेधशाळांत दिसते: ऊन आत येऊ नये, पाऊस आत येऊ नये, हवा मात्र आरपार जावी. घरच्या आवृत्तीत कुंडीखाली ठेवतात त्या प्लास्टिकच्या बशा उलट्या करून एकावर एक रचल्या, मध्ये अंतर ठेवायला नळीचे तुकडे, बाहेरून पांढरा रंग. वरची आणि खालची सोडून बाकी बशांना मधोमध मोठे भोक, तिथे सेन्सर. पुतणीला त्रिमितीय छपाईने कवच करायचे होते. पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि उन्हात ठिसूळही होते. हाताशी ऊन सोसणारे एएसए प्लास्टिक नव्हते, म्हणून तो बेत सोडला.

जागेवरून दोघांचे खरे मतभेद झाले. गच्चीवर वायफाय आणि वीज. अंगणात गवत आणि मोकळी हवा, पण सिग्नल अगदीच क्षीण, उणे ८० डीबीएमच्या खाली. पुतणीचे म्हणणे, कवच चांगले झाले आहे तर गच्चीच ठीक. काकांचे म्हणणे, संध्याकाळी हात ठेवून बघ कठड्यावर. तिने हात ठेवला नाही, डीएस१८बी२० ठेवला. ऊन उतरून बराच वेळ झाल्यावरही कठडा हवेपेक्षा कितीतरी गरम होता. ती उष्णता खालून कवचात चढणार, वरून कितीही सावली करा. शेवटी अंगणच ठरले. गवतावर, जमिनीपासून दीड मीटर उंच. तापमान मापनाची मान्य उंची १.२५ ते २ मीटर आहे.

क्षीण सिग्नलचा तोडगा कोडमध्ये काढला. दहा सेकंदांत वायफाय जोडले गेले नाही तर नोंद बोर्डच्या, झोपेतही टिकणाऱ्या, आरटीसी मेमरीत ठेवायची आणि झोपायचे. पुढच्या खेपेला दोन्ही एकदम पाठवायच्या. नाहीतर जोडणीची धडपड करण्यातच बॅटरी संपते. बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला बोर्डही घेतला, त्याने गळती पुष्कळ कमी झाली.

वीजपुरवठ्यावर फार लिहीत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल आणि छोटे सौर पॅनल. हा सेल पूर्ण भरल्यावर ३.६ व्होल्ट असतो आणि ईएसपी३२ ला तितके चालते, त्यामुळे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा मधला रेग्युलेटर वगळता आला. मात्र चार्जर याच प्रकारच्या सेलचा हवा; साध्या लिथियम-आयन सेलचे ४.२ व्होल्टचे चार्जर इथे चालत नाहीत. तयार बोर्डवरचा सतत जळणारा लाल दिवाही काढून टाकला. झोपलेल्या बोर्डाच्या मानाने तो फार वीज खातो.

पावसाचे प्रकरण

डीप स्लीप आले आणि पर्जन्यमापकाचा प्रश्न उभा राहिला: बोर्ड झोपलेला असताना पल्स मोजणार कोण? उपाय असा की पात्र उलटले की बोर्ड जागा व्हावा, मेमरीतला आकडा एकने वाढवावा आणि वायफाय सुरू न करताच झोपावा. हे उत्तम चालले, आणि एका सकाळी बॅटरी रिकामी सापडली. पात्र चिखलामुळे नेमके मधोमध अडकले होते, रीड स्विच मिटलेलाच राहिला होता आणि बोर्ड झोपायला गेला की त्याच क्षणी पुन्हा उठत होता. रात्रभर हेच. त्यावर कोडमध्ये अट घातली: उठल्यावर स्विच मिटलेलाच असेल तर या फेरीपुरते त्याने उठवणे बंद, फक्त घड्याळाने उठायचे आणि "पात्र अडकले" असा संदेश पाठवायचा. नरसाळ्याच्या तोंडाला जाळीही लावली.

वाऱ्यात खांब हलला की खोट्या पल्सही येत. पुतणीने हिशेब मांडला: तासाला २०० मिलिमीटर इतका भयंकर पाऊस धरला, तरी एका पलटीला ०.२ मिलिमीटर म्हणजे तासाला १,००० पलट्या, दोन पलट्यांत ३.६ सेकंद. मग अर्ध्या सेकंदाच्या आत आलेली दुसरी पल्स बिनधास्त टाकून द्यावी.

अंशशोधन, म्हणजे माप पडताळून दुरुस्त करणे, काकांनी केले. नरसाळ्याचा व्यास १६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २०.१ मिलिलिटर पाणी. पाणसळ लावून पर्जन्यमापक सपाट केला, बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडले आणि ४०२ मिलिलिटर पाणी, म्हणजे २० मिलिमीटर पाऊस, तासाभरात थेंबथेंब सोडला. १०० पलट्या अपेक्षित होत्या, झाल्या ९१. पुन्हा केले, जवळपास तेवढ्याच. कोडमध्ये ०.२ ऐवजी ०.२२ लिहिले.

इथे कुणी विचारेल, तापमानाला आकड्याची दुरुस्ती नाकारली, मग पावसाला का चालली? कारण पात्राचे माप ठरलेले आहे. ते ऊन पाहून बदलत नाही. दाबाची उंचीची दुरुस्तीही याच जातीची. पण तेच पाणी दोन मिनिटांत ओतून पाहिले तेव्हा पलट्या आणखी कमी झाल्या, कारण पात्र उलटत असतानाही पाणी पडतच राहते आणि ते मोजले जात नाही. ही चूक पावसाच्या जोरावर अवलंबून असते, म्हणून ती आकड्यात मिसळली नाही. फार जोराच्या पावसाच्या नोंदींपुढे फक्त खूण केली जाते.

निष्पत्ती

अंगणात हलवल्यावर बहुतेक दुपारी फरक घरच्या प्रमाणाच्या अंशभरात आला, रात्री तर नगण्य. मात्र कडक ऊन आणि वारा अजिबात नाही अशा दुपारी तो अजूनही दोन अंशांजवळ जात होता. बशांच्या कवचाची ही मर्यादाच आहे. हवा हललीच नाही तर बशा तापतात आणि आतली हवाही.

त्यावरचा उपाय मला या प्रकरणात सर्वांत आवडला. संगणकातून काढलेला छोटा पंखा एका वेगळ्या सौर पॅनलला थेट जोडला. मधे कोड नाही, बॅटरी नाही. ऊन कडक तेव्हा पंखा जोरात, ढग आला की मंद, रात्री बंद. म्हणजे गरज असेल तेव्हाच. पंखा सेन्सरच्या पुढे हवा फेकणारा न ठेवता वर ठेवला आणि हवा खालून ओढून घेतली, म्हणजे मोटरची उष्णता सेन्सरवरून जात नाही. त्यानंतर त्या दुपारचा फरकही अर्ध्या-पाऊण अंशावर आला. मूळचा बीएमई२८० अजून तोच आहे.

वेगळे काय करता आले असते

बर्फाची तपासणी आणि दवबिंदूचा हिशेब केंद्र गच्चीवर बसवण्याआधीच व्हायला हवा होता. आर्द्रतेसाठीही तशीच सोपी तपासणी आहे: मीठ ओलसर करून बंद बरणीत ठेवायचे, सेन्सर मिठाला न टेकता वर लटकवायचा, काही तासांनी बरणीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. ती त्यांनी अजून केलेली नाही. दवबिंदू जुळला तो एका दुपारचा आहे. पावसाळी, दमट हवेत सेन्सर तितकाच खरा राहतो का, हे त्यावरून कळत नाही.

जुन्या जागेच्या नोंदींचे काय करायचे यावर दोघांचे एकमत झालेले नाही. पुतणी म्हणते पुसून टाकाव्यात, काका म्हणतात राहू देत, फक्त "गच्ची" असा वेगळा स्तंभ करावा. मी काकांच्या बाजूने आहे. जागा, उंची, सेन्सर आणि कोड बदलल्याची तारीख नोंदींसोबतच असेल, तर पुढे आलेखात अचानक दिसणारी पायरी हवामानाची आहे की केंद्राची, हे सांगता येते. या वहीत ते लिहिले गेले, पण नोंदींच्या फाइलमध्ये नाही, आणि वही संगणक वाचत नाही.

पंख्याबद्दल एक धोका उरतो. तो केव्हा बंद पडला हे केंद्राला कळत नाही. आकडे नुसते हळूहळू वाढू लागतील. पुतणीने त्यासाठी डीएस१८बी२० कवचाच्या सर्वांत वरच्या बशीखाली कायमचा बसवायचे ठरवले आहे. पंखा फिरत असताना वरचा आणि सेन्सरजवळचा आकडा जवळजवळ राहायला हवा. उन्हात दोघांत फरक वाढू लागला, तर शिडी काढायची वेळ झाली असे समजायचे.